कुंपण आणि किनारा : जर्मनीतील मुक्तकाय-चळवळ व राज्यसत्ता

विवस्त्र स्नानाचा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक, कदाचित किंचित हास्यास्पदही वाटण्याचा संभव आहे. राज्ये उलथतात, सीमा बदलतात, लक्षावधी माणसे देशोधडीला लागतात. त्याच काळात कोठे समुद्रकाठी काही माणसे अंगावरचे कपडे काढून पाण्यात शिरली, तर त्याची नोंद इतिहासाने का घ्यावी, ही शंका साहजिक आहे. परंतु विसाव्या शतकातील जर्मनीत साम्राज्य, प्रजासत्ताक, नाझी हुकूमशाही, फाळणीतून निघालेली दोन राज्ये आणि अखेर पुन्हा एक झालेले राष्ट्र अशा ज्या राजवटी एकामागून एक आल्या, त्यांपैकी बहुतेकींना या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर परिपत्रके काढावी लागली, पोलिसांना सूचना द्याव्या लागल्या आणि कित्येकदा दिलेल्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. कृती तीच, किनारे पुष्कळसे तेच, आणि सत्ता मात्र दर पिढीस निराळी. राज्यसत्तेच्या स्वभावाची तुलना करण्यास इतके सोयीचे साधन सहसा सापडत नाही.

या चळवळीस जर्मन भाषेत प्रथम 'नाक्टकुल्टुर' म्हणजे नग्नसंस्कृती असे नाव होते. पहिल्या महायुद्धानंतर ते मागे पडून 'फ्रायक्योर्परकुल्टुर' हा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ मुक्त शरीराची संस्कृती; प्रस्तुत लेखात 'मुक्तकाय-संस्कृती' हा पर्याय योजिला आहे. नावातील हा पालट अर्थपूर्ण आहे. पहिल्या शब्दात जगाला धक्का देण्याची हौस होती, दुसऱ्यात जगाकडून मान्यता मिळविण्याची इच्छा आहे. आपल्याकडील दिगंबर परंपरेशी या चळवळीचा संबंध जोडण्याचा मोह वाचकास होण्याजोगा आहे, पण तो आवरलेला बरा. दिगंबर मुनीची नग्नता ही अपरिग्रहाची अंतिम पायरी होय. शरीराविषयीची आसक्ती सुटल्याचे ते चिन्ह. जर्मन मुक्तकायवाद्याची नग्नता ही उलटपक्षी शरीराच्या आराधनेतून आलेली आहे. सूर्यप्रकाश, स्वच्छ हवा, व्यायाम आणि निरोगी कांती हे त्याचे पुरुषार्थ आहेत.

या इतिहासाचे जे सर्वसाधारण कथन प्रचलित आहे, त्यात नग्नता म्हणजे स्वातंत्र्य आणि बंदी म्हणजे दडपशाही असे सरळ समीकरण मांडलेले असते. पुराव्याच्या कसोटीस ते उतरत नाही. राज्यसत्तेस उघड्या शरीराचे भय क्वचितच वाटले. तिला भय वाटले ते ती शरीरे कोणाच्या नेतृत्वाखाली, कोणत्या संघटनेच्या नावाने आणि कोणाच्या नजरेसमोर एकत्र येतात याचे. हे ध्यानात घेतले म्हणजे लोकशाही राज्यात नग्नसंघांना कुंपणाआड का राहावे लागले आणि एकपक्षीय राज्यात मैलोगणती किनारा विवस्त्र स्नानासाठी कसा खुला झाला, या दोन्ही विसंगत वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होऊ लागतो.

चळवळीची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'जीवनसुधारणा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारप्रवाहात आहेत. झपाट्याने वाढलेली कारखान्यांची शहरे, काळोख्या चाळी, क्षयरोग, मद्यपान आणि आवळलेले कपडे यांविरुद्धची ती प्रतिक्रिया होती. शाकाहार, निसर्गोपचार, मद्यनिषेध आणि पोशाखसुधारणा यांच्या पंक्तीस नग्नताही येऊन बसली. आर्नोल्ड रिक्ली या स्विस उपचारकाने आल्प्सच्या दक्षिणेकडील ब्लेड येथे प्रकाश व वायू यांच्या स्नानांची चिकित्सा चालविली होती. १८९६ मध्ये आडोल्फ यूस्ट याने हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी 'युंगबोर्न' नावाचे आरोग्यधाम स्थापन केले. तेथे स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र उपवने असून त्यांत रोगी विवस्त्र हिंडत. प्रागचा तरुण लेखक फ्रान्झ काफ्का १९१२ च्या जुलैमध्ये तेथे राहिला होता. त्याला पोहण्याची चड्डी उतरविणे काही जमले नाही, आणि त्यामुळे तो तेथे 'चड्डीवाला गृहस्थ' म्हणून ओळखला जाऊ लागला. लज्जेचा न्याय किती सापेक्ष असतो याचे याहून नेटके उदाहरण मिळणार नाही.

याच यूस्टचे 'निसर्गाकडे परत' हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधींच्या हाती पडले आणि त्यातील मातीच्या उपचारांनी त्यांना जन्मभराची दिशा दिली. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये गांधीजींनी जो निसर्गोपचार आश्रम सुरू केला, त्याच्या वैचारिक पूर्वजांत युंगबोर्नची गणना करणे भाग आहे. अर्थात माती आणि पाणी हिंदुस्थानात आले, नग्नता मागेच राहिली. युंगबोर्नचे पुढे काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जागा पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमारेषेवर आली आणि १९६० च्या दशकात सीमेच्या बंदोबस्तासाठी तेथील इमारती पाडून टाकण्यात आल्या.

कायद्याशी पहिला खटका मात्र उपचारगृहात नव्हे, चित्रकारांच्या वसाहतीत उडाला. म्युनिकजवळ एका सोडलेल्या दगडाच्या खाणीत राहणारा चित्रकार कार्ल व्हिल्हेल्म डीफेनबाख याच्यावर १८८८ मध्ये विवस्त्रतेबद्दल खटला झाला. त्याचा शिष्य ह्यूगो ह्योपेनर याने गुरूऐवजी तुरुंगवास पत्करला आणि गुरूने त्यास 'फिडूस' म्हणजे निष्ठावंत असे नाव दिले. पुढे सूर्याकडे हात उंचावून उभ्या असलेल्या नग्न तरुणाचे त्याचे चित्र या सबंध पिढीचे बोधचिन्ह झाले. १८९३ मध्ये हाइन्रिख पुडोर याने नग्नतेचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि १९०३ मध्ये ल्यूबेकच्या परिसरातील क्लिंगबेर्ग येथे पाऊल त्सिमरमान याने मुक्तप्रकाश उपवन उघडले.

याच सुमारास, किंबहुना याच्या आधी, हिंदुस्थानात एक छोटासा प्रयोग होऊन गेला होता. १८९१ मध्ये ठाणे येथे न्यायाधीश असलेल्या चार्ल्स क्रॉफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाचा संघ काढला. सभासद एकूण तीन. इंग्लंडातील समाजवादी लेखक एडवर्ड कार्पेंटर यास त्याने लिहिलेल्या पत्रांवरून ही हकीगत कळते. क्रॉफर्डची बदली रत्नागिरीस झाली आणि संघ संपला. जगातील पहिला नग्नसंघ म्हणून त्याचा उल्लेख आता वारंवार होतो. तो खरा असला तरी त्याने ना अनुयायी मागे ठेवले, ना विरोधक. ज्या ठाण्यात तो निघाला त्या ठाण्यातील लोकांना त्याची वार्ताही नसावी. एखादा प्रयोग आणि चळवळ यांतील अंतर मोजावयाचे असल्यास ठाणे आणि क्लिंगबेर्ग ही दोन टोके पुरेशी आहेत.

जर्मनीतील प्रारंभीच्या पुरस्कर्त्यांची राजकीय मते मात्र आजच्या वाचकास चकित करणारी आहेत. पुडोर कट्टर ज्यूद्वेष्टा होता. रिखार्ड उंगेविटर, ज्याची पुस्तके १९०६ नंतर मोठ्या प्रमाणावर खपली, त्याच्या दृष्टीने विवस्त्र सहवासाचा मुख्य लाभ असा की, विवाहापूर्वी जोडीदाराचे शरीर पारखता येऊन वंशाची शुद्धता राखता येते. कपडे उतरविल्याने माणसे समान होतात हे चळवळीचे नंतरचे आवडते सूत्र त्याच्या गावीही नव्हते. उलट कपड्यांनी झाकलेली असमानता उघडी पडावी हाच त्याचा हेतू होता.

त्याच्या नेमक्या विरुद्ध टोकास आडोल्फ कोख हा बर्लिनचा शिक्षक उभा आहे. कामगारवस्तीतील मुलांच्या अंगांवर कुपोषणाच्या आणि वाकड्या हाडांच्या खुणा त्याने पाहिल्या आणि पालकांच्या संमतीने त्यांना विवस्त्र व्यायाम देण्यास प्रारंभ केला. गवगवा होऊन त्याला सरकारी शाळा सोडावी लागली, तेव्हा त्याने स्वतःची व्यायामशाळा काढली. पुढे अनेक शहरांत तिच्या शाखा झाल्या. तेथे वैद्यकीय तपासणी होई, लैंगिक प्रश्नांवर सल्ला मिळे, आणि बेकारांनाही प्रवेश असे. १९२९ मध्ये मुक्तकाय-संस्कृतीची आंतरराष्ट्रीय परिषद बर्लिनमध्ये भरली ती त्याच्याच पुढाकाराने. त्याच दशकात भूतपूर्व लष्करी अधिकारी हान्स सूरेन याचे 'मनुष्य आणि सूर्य' हे पुस्तक आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढीत होते. तेलाने माखलेल्या पिळदार शरीरांची त्यातील छायाचित्रे उजव्या विचारांच्या तरुणांना विशेष भावली. सूरेन स्वतः पुढे नाझी पक्षात गेला. चॅड रॉस या इतिहासकाराने मुक्तकायवाद हा राष्ट्राचे शरीर सुधारण्याचा एक प्रकल्प होता असे प्रतिपादन केले आहे. जॉन अलेक्झांडर विल्यम्स याने समाजवादी शाखेचे वेगळेपण आग्रहाने मांडले आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु एकाच तलावाच्या दोन काठांवर दोन संघ एकाच पोशाखात, म्हणजे पोशाखावाचून, परस्परविरोधी जगांची स्वप्ने पाहत होते, ही वस्तुस्थिती कोणत्याही एका सूत्रात बसणारी नाही.

प्रजासत्ताकाच्या शेवटच्या उन्हाळ्यातील एक प्रकरण येथे वगळता येत नाही. १९३२ च्या जुलैमध्ये चान्सेलर पापेन याने प्रशियाचे निर्वाचित सरकार बरखास्त केले आणि फ्रान्झ ब्राख्ट याच्या हाती तेथील गृहखाते आले. लक्षावधी बेकार, रस्त्यांवर रोजच्या मारामाऱ्या, आणि अशा वेळी ब्राख्टने ऑगस्टमध्ये उघड्यावरील विवस्त्र स्नानास बंदी घातली. सप्टेंबरात पुरवणी आदेश काढून पोहण्याचा पोशाख कोठे किती झाकणारा असावा याचे तपशील दिले. दोन पायांच्या मध्ये कापडाची कळी शिवलेली असणे त्यात आवश्यक ठरविले होते. साऱ्या जर्मनीत या 'कळीच्या फर्मानाची' टिंगल झाली. पण ज्या सरकारला संविधान गुंडाळून ठेवल्यावर सभ्यतेचे रक्षक म्हणून मिरवावयाचे होते, त्याच्या दृष्टीने हा आदेश हास्यास्पद नव्हता. बळजबरीने सत्तेवर आलेल्यांस नीतीचा मुखवटा नेहमीच स्वस्तात मिळतो.

३ मार्च १९३३ रोजी, म्हणजे नाझी पक्ष सत्तेवर येऊन पाच आठवडेही झाले नव्हते तेव्हा, प्रशियाच्या गृहखात्याचा ताबा असलेल्या हेर्मान ग्योरिंग याच्या नावाने नग्नसंस्कृतीच्या चळवळीचा मुकाबला करण्यासंबंधी परिपत्रक निघाले. ही चळवळ जर्मन संस्कृतीस व नीतीस फार मोठा धोका आहे, ती स्त्रियांची स्वाभाविक लज्जा नष्ट करते, असा त्याचा रोख होता. समाजवादी संघ विसर्जित झाले, कोखच्या शाळा बंद पडल्या. एवढ्यावरून नाझी राजवट नग्नतेची शत्रू होती असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. उजवे संघ काही महिन्यांतच एका वांशिक संघटनेत एकवटले, ज्यू सभासदांना वगळण्यात आले, आणि 'शरीरशिस्तीचा संघ' असे नाव घेऊन ती संघटना राजमान्य छत्राखाली नांदू लागली. पुढे १० जुलै १९४२ रोजी हाइन्रिख हिमलरच्या पोलीस खात्याने स्नानासंबंधी जो आदेश काढला त्यात, इतरांच्या दृष्टीस पडणार नाही अशी खबरदारी घेतल्यास विवस्त्र स्नान करण्यास मोकळीक दिली. ज्या वर्षी त्याच खात्याच्या देखरेखीखाली मृत्युछावण्यांत लक्षावधी माणसांना कपडे उतरवावयास लावून ठार मारले जात होते, त्या वर्षीचा हा आदेश आहे. नग्नतेला स्वतःचा असा नैतिक अर्थ नसतो, हे सिद्ध करण्यास या दोन गोष्टी शेजारी ठेवणे पुरे.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत १९४९ मध्ये मुक्तकाय संघांचा महासंघ स्थापन झाला. संघस्वातंत्र्य संविधानाने दिलेले होते, त्यामुळे संघ काढण्यास अडचण नव्हती. अडचण होती ती दिसण्याची. १९५३ च्या युवकसंरक्षण कायद्याने चित्रांच्या द्वारे नग्नसंस्कृतीचा प्रचार करणारी नियतकालिके गंभीर हानिकारक वाङ्मयाच्या वर्गात टाकली आणि ती तरुणांच्या हाती पडू नयेत अशी व्यवस्था केली. ही तरतूद १९७१ मध्ये संविधान न्यायालयाने रद्द ठरविली. परंतु त्या अठरा वर्षांत संघांना कुंपणाआड राहण्याचे वळण पडून गेले. जागा विकत घ्यावयाची, भोवती झाडी वाढवावयाची, दारावर सभासदाचे ओळखपत्र तपासावयाचे, आत व्हॉलीबॉल खेळावयाचा. उत्तर समुद्रातील सिल्ट बेटासारखे खुले किनारे अपवादभूत होते. तेथील विवस्त्र स्नानाच्या जागांना 'अॅबिसिनिया', 'समोआ' अशी नावे पडली, आणि ती निरागस नव्हेत. युरोपीय माणसाला स्वतःच्या उघड्या शरीराकडे पाहताना आफ्रिका व दक्षिण समुद्र यांचीच आठवण व्हावी, याचा संबंध वसाहतींच्या इतिहासाशी आहे.

फ्रान्समध्ये १९३१ मध्ये डॉक्टर असलेल्या ड्यूरव्हील बंधूंनी लव्हाँ बेटावर 'एलिओपोलिस' वसविले, १९५० मध्ये माँतालिव्हे येथे अटलांटिक किनाऱ्यावर मोठे केंद्र निघाले आणि १९५३ मध्ये तेथेच आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. १९६० च्या दशकात साम्यवादी युगोस्लाव्हियाने परकीय चलनाच्या गरजेपोटी आड्रियाटिक किनाऱ्यावर अशी केंद्रे उघडून जर्मन पर्यटकांना बोलाविले. या सर्व ठिकाणी व्यवहार एकच होता : दाम मोजा आणि दारातून आत या.

पूर्व जर्मनीची गोष्ट निराळी आहे. तेथे स्वतंत्र संघाला जागाच नव्हती. क्रीडा असो की संगीत, प्रत्येक उपक्रम पक्षाच्या देखरेखीखालील महासंघटनेत समाविष्ट झाला पाहिजे हा नियम होता, आणि मुक्तकाय संघ पुन्हा सुरू करण्याच्या जुन्या सभासदांच्या खटपटींना यश आले नाही. पण बाल्टिकचा किनारा होता. दार्स द्वीपकल्पावरील आरेन्सहोप हे पूर्वीपासून चित्रकारांचे गाव. युद्धानंतर ते राज्याच्या मान्यवर लेखक-कलावंतांचे विश्रामस्थान झाले, आणि तेथे विवस्त्र स्नानाची प्रथा पुन्हा चालू झाली. कवी योहानेस बेखर हे त्या राज्याचे सांस्कृतिक मंत्री. किनाऱ्यावर वर्तमानपत्राखाली पहुडलेल्या एका वयस्क विवस्त्र स्त्रीला त्यांनी अपशब्द वापरून झापले आणि ती स्त्री प्रख्यात कादंबरीकार आन्ना झेगर्स निघाली; पुढे पुरस्कार देताना मंत्र्यांनी 'प्रिय आन्ना' म्हणताच तिने तो अपशब्द त्यांना परत केला, अशी एक आख्यायिका फार लोकप्रिय आहे. ती घडली असेलच असे नाही. परंतु ज्या समाजात मंत्र्याला सुनावण्याचा प्रसंग केवळ किनाऱ्यावरील गोष्टीतच शक्य होता, त्या समाजात ती इतकी का टिकली हे उघड आहे.

१९५४ मध्ये किनाऱ्यावर बंदी आली. तक्रारी अनेक प्रकारच्या होत्या. कामगारांच्या विश्रामगृहांत येणाऱ्या साध्या कुटुंबांना हा बुद्धिजीवींचा थिल्लरपणा वाटे. अंगास रंग फासून आणि हाडांच्या माळा घालून साजऱ्या होणाऱ्या 'कामेरून' नावाच्या जत्रा अधिकाऱ्यांना विशेष खुपत. आणि पोलिसांना अशा मेळाव्यांत जुन्या संघांचे गुप्त पुनरुज्जीवन दिसे. येथे जे घडले ते जोझी मॅक्लेलन या इंग्रज संशोधिकेने अभिलेखागारातील कागदपत्रांवरून उजेडात आणले आहे. बंदी आल्यावर लोकांनी निदर्शने केली नाहीत. त्यांनी अर्ज केले. पूर्व जर्मनीत नागरिकाने शासनाच्या कोणत्याही पायरीवर लेखी गाऱ्हाणे मांडण्याची आणि त्यास उत्तर मिळण्याची रीत होती. न्यायालयात शासनाविरुद्ध दाद मागण्याची सोय नसलेल्या देशात या अर्जांचे महत्त्व फार होते. अर्जदार डॉक्टर होते, शिक्षक होते, कारखान्यातील कामगार आणि पक्षाचे सभासदही होते. त्यांनी स्वातंत्र्याचा शब्द जपून वापरला. आपण राबणारी माणसे आहोत, वर्षातून एकदा सुट्टीस येतो. मुक्तकाय-संस्कृती ही श्रमिक चळवळीची परंपरा असून तिला बंदी करणारे पहिले सरकार नाझींचे होते. तेव्हा समाजवादी राज्याने त्यांचा कित्ता गिरवावा काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. नाझी राजवटीखाली उजवे नग्नसंघ सुखेनैव चालू होते, ही गोष्ट अर्थातच कोणी सांगितली नाही. इतिहासाचा अर्धा भाग येथे वकिलीच्या कामी आला.

शासन नमले. १८ मे १९५६ च्या आदेशान्वये स्थानिक परिषदेने नेमून दिलेल्या आणि फलक लावून दाखविलेल्या जागी विवस्त्र स्नान कायदेशीर झाले. ज्यास पाहावयाचे नाही त्यास पाहावे लागू नये, हे तत्त्व १९४२ च्या आदेशाहून फारसे निराळे नाही. निराळे आहे ते त्याचे मूळ. पहिले वरून आले, दुसरे खालून मागून घेतलेले होते. संघांना मात्र परवानगी मिळाली नाही ती नाहीच. आणि येथेच या इतिहासातील मर्माचा भाग आहे. संघ नसल्यामुळे सभासदत्व नव्हते, वर्गणी नव्हती, शपथ नव्हती, व्यायामाची सक्ती नव्हती, शाकाहाराचे प्रवचन नव्हते. जे उरले ते केवळ कुटुंबासह समुद्रावर जाणे. चळवळ नाहीशी झाली आणि तिचा आचार सर्वत्र पसरला. १९७० नंतर प्रेरो येथील तंबूंची वसाहत, बर्लिनभोवतालचे तलाव, लाइप्झिगजवळचे खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे, सर्वत्र विवस्त्र स्नान इतके सामान्य झाले की, फलक कोठे संपतो इकडे कोणी लक्ष देईनासे झाले. १९८२ मध्ये अशा जागांची मार्गदर्शिका सरकारी मालकीच्या प्रकाशनसंस्थेनेच काढली.

या प्रसारास प्रतिकार म्हणावे काय? जर्मनीच्या एकीकरणानंतरच्या आठवणींतून तसे चित्र रंगविले जाते : भिंतीआड कोंडलेल्या लोकांनी निदान कपडे तरी झुगारून दिले, असे. हे चित्र मनोहर आहे, पण अर्ज वाचणाऱ्यास ते पटणे कठीण. अर्जदारांना राज्याशी झगडावयाचे नव्हते; त्यांना राज्याकडून एक सवलत हवी होती आणि ती राज्याच्याच भाषेत त्यांनी मागितली. उलट बाजूने, सवलत म्हणजे वाफ जाऊ देण्यासाठी सत्ताधाऱ्यांनी योजलेली झडप होती, हे म्हणणेही कागदपत्रांत दिसत नाही. १९५४ ते १९५६ या काळात शासनाची जी ओढाताण झाली ती योजनेची नव्हे, गोंधळाची होती.

तथापि किनाऱ्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. हाच बाल्टिक समुद्र राज्याची सीमा होता. क्यूह्लुंग्सबोर्न येथे सीमारक्षकांचा टेहळणी मनोरा उभा होता, रात्री प्रकाशझोत पाण्यावरून फिरत, हवेच्या गाद्या घेऊन समुद्रात जाण्यास मनाई होती. या पाण्यातून पोहून, होडीतून किंवा घरगुती साधनांनी डेन्मार्क अथवा पश्चिम जर्मनी गाठण्याचा प्रयत्न पाच हजारांहून अधिक लोकांनी केला. त्यांतील थोडे पोहोचले, पुष्कळ पकडले गेले, अनेक बुडाले. दिवसा ज्या वाळूवर अंगावर काही नसले तरी कोणी हटकीत नसे, तीच वाळू रात्री बंद असे. त्या स्वातंत्र्याची मर्यादा काही मीटर खोल पाण्यात होती आणि ती सर्वांना ठाऊक होती.

१९९० मध्ये दोन्ही जर्मन राज्ये एक झाली आणि पश्चिमेचे पर्यटक बाल्टिकवर आले. ज्या समाजात नग्नतेला कुंपण होते तो समाज आणि ज्यात नव्हते तो समाज प्रथमच एका वाळूवर समोरासमोर आले. उपाहारगृहांचे व हॉटेलांचे नवे मालक, त्यांतील बरेच पश्चिमेचे, तक्रारी करू लागले. गावांच्या मध्यवर्ती किनाऱ्यावरून विवस्त्र स्नानाच्या जागा दूर टोकांस हलल्या. वर्तमानपत्रांनी या भांडणास 'चड्डीयुद्ध' असे नाव दिले. पूर्वेकडील पुष्कळांना यात आणखी काही दिसले : कारखाना गेला, नोकरी गेली, आता किनाराही गेला. चाळीस वर्षांच्या राजवटीतून जपून ठेवावे असे फार थोडे उरले होते आणि त्या थोड्यांतील एक गोष्ट बाजाराने नेली. गमतीचा भाग असा की, ज्यांना संघ काढण्याचा अधिकार आता प्रथमच मिळाला त्यांनी तो फारसा वापरला नाही. संघाची त्यांना सवयच नव्हती. पुढे २००७ च्या अखेरीस पोलंडच्या सीमेवरील तपासणी संपली, तेव्हा उझेडोम बेटावर किनाऱ्याने फिरत येणाऱ्या पोलिश कुटुंबांना आल्बेकच्या विवस्त्र स्नानार्थींचे अकस्मात दर्शन घडू लागले आणि जुनाच वाद नव्या भाषांत सुरू झाला.

गेल्या काही वर्षांची स्थिती संमिश्र आहे. १९४९ च्या महासंघाची सभासदसंख्या पंचवीस वर्षांत जवळजवळ निम्मी होऊन ३४ हजारांच्या आसपास आली, आणि पंचाहत्तरीनिमित्त २०२४ मध्ये योजिलेला उत्सव पुरेसा प्रतिसाद नसल्यामुळे रद्द करावा लागला. सभासद वृद्ध झाले, तरुण येत नाहीत. तरुणांच्या अनिच्छेचे कारण नव्याने उपजलेली लज्जा असे सांगण्यात येते. परंतु खिशातील भ्रमणध्वनीचा कॅमेरा हे त्याहून साधे कारण आहे. १९४२ आणि १९५६ या दोन्ही आदेशांची सारी मांडणी, पाहणारा तेथे हजर असतो आणि त्याला दूर ठेवता येते, या गृहीतावर होती. आता पाहणारा हजर नसतो आणि कोठेही असू शकतो. दुसरीकडे म्युनिकने २०१४ मध्ये शहरातील सहा जागा विवस्त्र विश्रांतीसाठी नेमून दिल्या, आणि २०२३ मध्ये बर्लिनच्या सार्वजनिक तलावांत स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे उघड्या छातीने पोहण्याची मुभा मिळाली. बर्लिनचा निर्णय एका स्त्रीच्या तक्रारीवरून, भेदभावविरोधी कायद्याच्या आधारे झाला. सूर्य, हवा, आरोग्य यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख करण्याची गरज पडली नाही.

महाराष्ट्रात या चळवळीचा जो अल्प परिचय झाला तो मुख्यतः रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे. १९२७ ते १९५३ या काळात चाललेल्या या मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीची चित्रे असत आणि शरीराविषयीची लाज ही अकारण जोपासलेली गोष्ट आहे असे संपादकांचे मत होते. मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कोखच्या शाळा बंद होऊन तेव्हा वर्षच लोटले होते. आरोग्य, लैंगिक शिक्षण आणि नग्नता यांची जी सांगड कोखने घातली तीच कर्व्यांच्या लेखनात आढळते, आणि दोघांवरचा आक्षेपही एकच होता. पण कोखभोवती कामगार संघटना होत्या, कर्व्यांभोवती वाचक होते, तेही बहुधा मासिक घरात लपवून ठेवणारे.

बाल्टिककाठच्या रोस्टोक शहराने २०२५ मध्ये किनाऱ्यासंबंधी नवे नियम केले. विवस्त्र स्नानासाठी राखलेले पट्टे त्यात पूर्वीपेक्षा कमी आहेत. परंतु जे उरले त्यांत कपडे घालून बसणाऱ्यांस हटविण्याचा अधिकार किनारारक्षकांस देण्यात आला आहे. कपडे घातलेल्यांना उघड्यांपासून वाचविण्यासाठी लावलेला १९५६ चा फलक सत्तर वर्षांच्या आतच उघड्यांना कपडे घातलेल्यांपासून वाचविण्याच्या कामी आला.